डुगडुगणारं टेबल

किल्लीने खोलीचं दार उघडेना. पोस्टमनने ती उलटसुलट फिरवून पाहिली आणि पुन्हा जिना उतरून खाली गेला. तो परत आला तेव्हा बायको दोन्ही बॅगा घेऊन दाराशी तशीच उभी होती.

“मघाची कोठीघराची होती म्हणे,” तो म्हणाला. त्याचा चेहरा काही चिडलेला दिसत नव्हता.

“ठीक आहे,” ती म्हणाली.

गेले आठ महिने पोस्टमनने या दोन शब्दांचा धसका घेतला होता.

तो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी लोक त्याला पोस्टमनच म्हणत. बायकोने एकतीस वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलं होतं. खोल्याही आणि स्वयंपाकघरही. मुली तिला पाठीमागे ‘हवालदार’ म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. एका चादरीची घडी वाकडी दिसली की ती अख्खा मजला फैलावर घेई. घरी पोस्टमनचीही सुटका नव्हती. मग तिची धाकटी बहीण गेली आणि ही गप्पच झाली. भाजी करपली तरी ठीक आहे, नळ गळला तरी ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. मुलगी फोनवर रडली.

“बाबा, महिनाभर आईने माझी एक चूक काढली नाही. मला भीती वाटते हो.”

भीती त्यालाही वाटत होती. एवढ्याशा गावातल्या या लॉजवर तीन दिवस राहायचं ठरलं ते त्याच भीतीतून. वर चार खोल्या, खाली खानावळ, पलीकडे नदी. खाली काउंटरवर टपालाचा ढीग पडला होता आणि त्यावर चहाचा उष्टा कप ठेवलेला होता. उन्हापावसात दारोदार पत्रं पोचवलेल्या माणसाच्या ते जिवाला लागलं.

खोलीत टॉवेल एकच होता, तोही ओला. उशीच्या अभ्र्यावर कुणाचा तरी लांब केस होता. बायकोने तो चिमटीत धरून उजेडात पाहिला. पोस्टमन तिच्याकडे पाहत राहिला.

“ठीक आहे,” ती म्हणाली. पण या वेळी जरा उशिराने.

संध्याकाळी जेवायला बसले तर टेबल डुगडुगत होतं. वाढायला मालकाचा मेहुणा होता. बहिणीकडे पाहुणा आलोय, मला कसलं काम सांगता, असा त्याचा चेहरा. पोस्टमनने दोनदा सांगितल्यावर त्याने काउंटरवरून कसलासा कागद आणला, त्याची घट्ट चौघडी केली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल आता दुसऱ्या बाजूला डुगडुगू लागलं.

बायकोने सुपाचा एक घोट घेतला.

“गार आहे.”

पोस्टमनचा चमचा हवेतच थांबला. जेवण होईपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

सकाळी नाश्त्याला बसले. ऑम्लेट मधोमध कच्चं होतं. पाव कालचा होता, आणि तोही जपून दिलेला. मेहुण्याने चहाचा कप तिच्यापुढे धरला.

“अंगठा,” ती म्हणाली.

“काय काकू?”

“तुमचा अंगठा माझ्या चहात आहे. मी चहा मागितला होता. अंगठा नव्हता मागितला.”

ती उठली. पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. आधी भांडी वाजली. मग तिचा आवाज आला, तोच जुना, मजल्यावरून मजल्यावर पोचणारा. “हे फडकं आहे की पायपुसणं? याने ताटं पुसता? आणि अंडी कुणी ठेवली इथे चुलीच्या उबेला? पिल्लं काढायचीत का?”

पोस्टमनने चष्मा काढून डोळे पुसले. आठ महिन्यांनी त्याला पोटभर श्वास घेता आला. घरी गेल्यावर आता आपली काही धडगत नाही, या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की त्याने ते कच्चं ऑम्लेट सगळं खाऊन टाकलं.

थोड्या वेळाने मालक आतून बाहेर आला. ओरडा खाऊन त्याचे कान लाल झाले होते. पोस्टमनने उठून त्याचे दोन्ही हात धरले.

“मालक, तुमचे उपकार कसे फेडू? माझी बायको परत मिळाली मला. चुकीची किल्ली, ओला टॉवेल, गार सूप, सगळं अगदी सांगितल्याबरहुकूम. आणि तो अंगठा तर मला सुचलाही नव्हता.”

“सांगितल्याबरहुकूम?” मालक गोंधळला. “कुणी सांगितलं?”

“मी. पत्रात लिहिलं होतं ना, होईल तितकी वाईट सेवा द्या म्हणून. दोन आठवडे झाले टाकून.”

“पत्र कसलं, साहेब?” मालकाचा चेहरा पडला. “उलट तुम्ही वयस्कर माणसं, म्हणून आम्ही तुमच्याकडे जरा खास लक्ष दिलं होतं.”

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात बायको आली. हातात झारा होता.

“अहो, बसलात काय नुसते? ते टेबल कालपासून डुगडुगतंय. पायाखालचा तो बोळा काढा आधी, मी लाकडाची ढलपी शोधून आणते.”

पोस्टमनने मुकाट्याने खाली वाकून कागद ओढून काढला आणि त्याच्या घड्या उलगडल्या. ते एक पाकीट होतं. त्यावरचं अक्षर त्याचं स्वतःचं होतं, आणि मागचा डिंक अजून जसाच्या तसा चिकटलेला होता.