परका हात

बाईंची जुनी गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली, तशी त्या ती घेऊन मिस्त्रींकडे आल्या. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. एका नळीवर नवीकोरी क्लिप आवळलेली होती. इतकी वर्षं या इंजिनाला परका हात लागला नव्हता. "समोरच्या गॅरेजवाल्याकडे नेली होती वाटतं?" "त्याच्या दारातच बंद पडली हो." "दारही बरं शोधलं हिने." धूर किरकोळ दुरुस्तीने थांबला असता. पण त्या क्लिपने मिस्त्रींचं डोकं फिरवलं. "भंगारात काढा," ते म्हणाले. "हिच्यात आता काही राम नाही." बाईंनी टपावरून हात फिरवला. "तो म्हणत होता, दुरुस्त होईल. मी त्याला म्हटलं, आमचे मिस्त्री सांगतील तेच खरं." मग किल्ली त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "भंगारवाल्याकडे तुम्हीच सोडून या. माझ्याच्याने ते नाही व्हायचं."