वाळलेली फुलं

"चला ना आजी, नुसता फोटोच आहे," संग्रहालयाचे साहेब म्हणाले.

माझ्या लेकीच्या रंगीत छायाचित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन नुकतंच झालं होतं. दारातच जमिनीवर सतरंजीएवढा कापडी फोटो अंथरला होता आणि पाहुणे त्यावरून आत जात होते. आमच्या देवघरातली निर्माल्याची परडी होती त्यात. काळवंडलेली जास्वंद, विटकी शेवंती. रोज पूजा आटोपली की लेक त्या परडीपुढे कॅमेरा घेऊन बसायची. मी म्हणायची, "अगं, ताज्या फुलांचे काढ! वाळलेली कोण बघणार?"

"निर्माल्याला पाय लावत नाहीत हो," मी हळूच म्हणाले. मागे सगळे खोळंबले. लेकीच्या कौतुकाच्या दिवशी मीच विघ्न आणलं, असं वाटून परत फिरले.

"आई, थांब!" लेक आतून धावत आली. तिनं खाली पाहिलं, जीभ चावली. "चुकलंच गं माझं. धर ते टोक."

भिंतीवर जागा उरली नव्हती. मग आम्ही दोघीच तो फोटो उभा धरून राहिलो. वाळलेली फुलं बघायला दारापर्यंत रांग लागली. हात भरून आले, पण टोक सोडलं नाही.