एकही भांडण नाही

शिडाच्या छोट्याशा होडीतून नवरा-बायकोनं अख्खा महासागर ओलांडला, आणि एकदाही भांडण झालं नाही. शेवटच्या रात्री बंदराचे दिवे दिसू लागले, तशी दोघं मोठ्या कौतुकानं डेकवर शेजारी शेजारी बसली.

"दोर असा गुंडाळतात का?" ती म्हणाली.

"याच दोरावर महासागर ओलांडलाय मी."

"तुम्ही! आणि मी काय माशा मारत बसले होते?"

"भर समुद्रात माशा नसतात."

"हे बघा, उद्या धक्क्यावर तुमच्या ताई आल्या असतील, तर मी उतरणार नाही."

"मग जा परत!"

"जाते! वारा फिरू दे."

दोघंही फुरंगटून बसली. जरा वेळानं तो हळूच म्हणाला, "अगं, इतके दिवस किती गुण्यागोविंदानं चाललं होतं. आजच काय बिघडलं?"

तिनं विचार केला. "अहो, रोज एक जण सुकाणू धरायचा, तेव्हा दुसरा झोपलेला असायचा. एकाच वेळी दोघंही जागे आजच आहोत."

तो ताडकन उठला, उशी काखेत मारली आणि खाली उतरता उतरता म्हणाला, "घरी पोचलो की पहिली झोप तुझी."