तिटेखालची गाठ

डॉक्टरांनी रेवतीच्या तान्ह्या लेकीच्या भुवईवरची तीट ओल्या कापसाने पुसली आणि वाटाण्याएवढी गाठ उघडी पडली. चारचौघांत ती दिसू नये म्हणून सासूसुना तिच्यावर रोज काजळ लावत होत्या.

"आता हिला रडवा," डॉक्टर म्हणाले. "रडताना गाठ फुगली, तर ती मेंदूपर्यंत पोचलेली असू शकते."

रेवतीचा हात उचलेना. शेवटी सासूबाईंनीच नातीचा खुळखुळा काढून घेतला. पोरीने टाहो फोडला. डॉक्टर गाठीवर बोट टेकवून बघत राहिले.

"फुगत नाही. साधी गाठ आहे, सावकाश काढू."

रेवतीने लेकीला छातीशी घट्ट धरलं. सासूबाईंनी सवयीने काजळाची डबी उघडली, बोट भुवईकडे नेलं.

"तिथे नको, आई," रेवती म्हणाली. "गालावर लावा."