पेन्सिलीतली नावं

टुंग.

दुपारच्या शांत घरात मशीन वाजलं आणि आईनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. श्वासाची मशीनं घरात दोन होती. एकाचा आवाज जाडा, एकाचा बारीक. हा बारीक होता. ती आतल्या खोलीत गेली. छोटू झोपेत कुशीवर वळला होता आणि नळी दंडाखाली दबली होती. तिनं ती सोडवली. त्याच्या ओठांचा रंग बघितला, पुन्हा एकदा बघितला, आणि टेबलाशी परत आली.

"नळी?" ताईनं विचारलं.

"नळीच."

"वेडाय तो. झोपेतसुद्धा… लाथा मारतो."

ताई आठ वर्षांची. भिंतीकडच्या खुर्चीत बसून ती प्रवासाचा तक्ता करत होती. आई बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावायची, आणि डेपोचा नियम घरातही चालायचा. गाडी निघायचं ठरेपर्यंत नाव पेन्सिलीनं. नक्की झालं की पेननं.

लांबच्या इस्पितळातून फोन आला होता. सोमवारी सकाळी आठला हजर राहा. फुप्फुसावरचा हा उपचार पाच पूर्ण व्हायच्या आत केला तरच लागू पडतो, नंतर नाही. छोटूला पाच पूर्ण व्हायला अठरा दिवस होते.

रस्ता बावीस तासांचा. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी अंतर ऐकूनच हात वर केले. राहिली सासऱ्यांची जुनी कॅम्परव्हॅन. मागे पलंग, खिडकीला पडदे. सगळे तिला म्हातारी म्हणत. तिचं इंजिन चालू तोवरच मशीन चालणार. म्हणून उद्या सकाळी सातला निघायचं आणि मध्ये कुठेही थांबायचं नाही.

धाकटे दीर तेलकट हात पुसत आत आले.

"वहिनी, म्हातारीला एकदा बसू दिलं ना, की ती उठत नाही. गरम असताना स्टार्टर उचलतच नाही. डिझेलसुद्धा इंजिन चालू ठेवूनच भरायचं."

"आणि चालवता चालवता तुम्हाला डुलकी लागली तर?"

"मागे दादा घोरत असताना? कुणाची बिशाद आहे!"

ताई हसली. हसू आवरायला तिला जरा वेळ लागला. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मागच्या दारानं बाबा आले. सरळ मोरीवर जाऊन हात धुऊ लागले. आई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"गाडीतला फ्रिज काढलास?"

"फ्रिज, पंखा, दिवे. सगळं उचकटलं."

"आणि?"

"तरी व्होल्टची सुई खालीच जाते."

"नवीन बॅटरी लावून?"

"तीच लावलीय. दोनदा बघितलं."

"एकाच मशीनवर?" आईनं आवाज उतरवला.

"एकावर ठाम."

"दुसरी गाडी नाहीच मिळणार कुठे?"

"चार दिवस तेच करतोय ना मी!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. हात कधीच स्वच्छ झाले होते. नळ वाहत राहिला.

"बाबा, सुईला काय झालं?" ताईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"काही नाही गं. म्हातारीला ताप आलाय." तिच्याकडे न बघता ते पुन्हा अंगणात गेले.

आईनं नळ बंद केला. मग दिरांना छोटूच्या उशाशी नेलं.

"हा असा वळला की नळी दबते. दर अर्ध्या तासानं ओठ बघायचे. झोपलाय म्हणून सोडायचं नाही. रडला तर कानामागे खाजवायचं, गप्प होतो."

"हो वहिनी," दीर म्हणाले. या वेळी त्यांनी विनोद केला नाही.

ती टेबलाशी आली तेव्हा तक्ता तयार होता. ताईनं वाचून दाखवला. "पहिले चार तास बाबा. मग काका. आई मागे, छोटूपाशी. मी खिडकीत. समुद्र डाव्या हाताला… येतो ना?"

"डाव्याच."

"मग मी डाव्या खिडकीत."

आईनं पेन उघडलं. बाबा गिरवलं. काका गिरवलं. छोटू अगदी सावकाश गिरवलं. मग पेनला टोपण लावलं.

"आपल्या दोघींची?"

"शाई संपली."

"झटकून बघ ना."

आईनं पेन झटकून बघितलं.

बाहेर म्हातारी सुरू झाली. खिडकीची काच थरथरली. ताईनं पान उलटलं आणि गाडीचं आतलं चित्र काढायला घेतलं. पलंग काढला. पलंगावर छोटू काढला, लाथ मारताना. पलंगाच्या पायथ्याशी एक चौकोन काढून त्यातून छोटूच्या नाकापर्यंत एक लांब रेघ ओढली. मग थांबली, पेन्सिल दातांत धरली आणि चित्रातली उरलेली जागा शोधत राहिली.

"आई, हे बारीक आवाजाचं झालं. माझं जाड्या आवाजाचं कुठे लावायचं?"