घासूनपुसून लख्ख
घशाच्या ऑपरेशनआधी बाबांनी घरीच गाणं रेकॉर्ड केलं होतं, आवाज घुमू नये म्हणून कपाटात दुलयांमध्ये बसून. ऑपरेशनमध्ये आवाज गेला, तेवढं गाणंच उरलं. मुलाने ते झकास करायला घेतलं. आधी पंख्याची घरघर काढली. मग शेजारचा कुत्रा काढला. तो बाबांपेक्षा सुरात होता. मग बाबांची धाप, खाकरणं, घसरलेले सूर, सगळं घासूनपुसून लख्ख केलं आणि खुशीत जुन्या फाइलवरच सेव्ह केलं. आईने डोळे मिटून ऐकलं. “छान गातोय कोणीतरी. आता ह्यांचं लाव.” “आई, हे बाबाच आहेत.” “चल, काहीतरीच!” मुलाने सगळ्या फाइल धुंडाळल्या, मूळ गाणं कुठेच नव्हतं. बाबा उठले आणि तिच्यासमोर उभे राहून गाण्याबरोबर जीव तोडून ओठ हलवू लागले. आई खळखळून हसली. “अहो, पुरे झाली नक्कल. बसा, तुमचंच लावतोय तो.”