दोन शेगड्या

उजाडून गेलं तरी कोंबडा आरवला नव्हता. सासूबाई शाल लपेटून परसात आल्या. नळाच्या तोंडाशी बर्फ लोंबत होतं.

त्यांच्या कोंबड्या बुटक्या जातीच्या, जेमतेम कबुतराएवढ्या. कोंबडाही तेवढाच, पण रुबाब असा की घरात त्याला हवालदार म्हणत. गेल्या आठवड्यात एका कोंबडीचा तुरा थंडीने काळा पडला आणि सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शिवणकामातल्या चिंध्या त्यांनी खुराड्याच्या फटीफटीत कोंबल्या, जाळीवर मेणकापड ठोकलं. तरी जिवाला चैन नाही. काल दिवेलागणीला त्यांनी विटांच्या आडोशाला निखाऱ्यांची शेगडीसुद्धा आत ठेवली.

त्यांनी खुराड्याचं दार ओढलं. दांडीवर कोणी नव्हतं. सगळ्या भुशात आडव्या पडल्या होत्या.

गारठून गेल्या, या विचाराने त्यांनी एकीला उचललं. अंग कोमट होतं. त्या चक्रावल्या. हवालदाराला काढायला त्या आत वाकल्या, तोच डोकं गच्च धरल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली. कोंबडा छातीशी धरून त्या कशाबशा बाहेर आल्या. गार वारा तोंडावर आला तसं डोकं जरा हलकं झालं. हातातल्या हवालदाराने आचका दिला. चोच उघडून तो हवा पिऊ लागला.

आत ऊब होती. हवा नव्हती.

आणि मग त्यांना आठवलं. काल शेगड्या दोन पेटवल्या होत्या. दुसरी सुनेच्या खोलीत, तिच्या नि तान्ह्याच्या खाटेपाशी. वर दमही भरला होता, "खिडकीला हात लावलास तर बघ. बाळाला वारा लागला तर माझ्याशी गाठ आहे."

कोंबडा तिथेच टाकून त्या धावल्या. एक चप्पल दारात राहिली. खोलीला आतून कडी होती.

"अगं, दार उघड! पोरी, ऐकतेस ना?"

आतून हूं की चूं नाही. बाळाचं रडणंही नाही. त्यांनी दारावर मुठी आपटल्या, खांदा मारला. "देवा, मीच केलं हे," त्या पुटपुटत होत्या. आत काहीतरी करकरलं. पुन्हा सगळं शांत. त्या दाराशीच मटकन बसल्या.

कडी वाजली. सून दारात उभी होती. ओठ थंडीने निळे पडलेले, दोन्ही रजया बाळाभोवती, आणि त्यांतून दिसणारं बाळाचं झोपाळू तोंड.

"आई, रागावू नका," ती घाबरत म्हणाली. "तुमची हाक ऐकली आणि आधी खिडकी लावायला धावले. रात्रभर उघडीच ठेवली होती मी."